वजा पाच

सिद्धाराम अण्णा बोटीत चमचासुद्धा दोरीने बांधून ठेवायचे.

पेल्यात चहा अर्धाच ओतायचे. जमिनीवरही.

बोलता बोलता आपण डावीकडे सरकलो की ते उजवीकडे सरकायचे. वाक्य न तोडता.

झोपायचे तिरके. बोटीच्या केबिनमध्ये सरळ झोपलं तर पाय बाहेर जायचे. पण घरच्या पलंगावरही तिरकेच झोपायचे आणि वच्छलाकाकू कडेला मुटकुळं करून.

इंजिन चालू केलं की मागे वाकून बघायचे. इंजिनातून पाण्याची बारीक धार बाहेर पडते का, ते. धार पडली की "व्हय" म्हणायचे. कुणाला, ते कळायचं नाही.

पोहता येत नव्हतं. लाइफ जॅकेट होतं. ते उशाला घ्यायचे.

आणि बोटीवर असले की रोज सकाळी मला फोन करून एकच विचारायचे. "काय एम्मे, आज किती?"

एम्मे म्हणजे मी. मराठीत एम. ए. केलं, म्हणून. जुळे सोलापुरात त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहतो. एका स्थानिक दैनिकात मुद्रितं तपासतो. आमच्या पहिल्या पानावर खाली एक छोटी चौकट असते. उजनी धरणात आज पाणी किती टक्के. ती चौकट रोज मी टाइप करतो. अण्णांना ती छापून येण्याआधी माझ्याकडून हवी असायची.

सोलापूरच्या बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. उजनीचं पाणी शून्याच्या खालीही मोजतात. धरणाच्या तळाशी जो साठा असतो तो हिशोबात वापरायचा नसतो, पण वापरतात. वरचं पाणी संपलं की शून्य टक्के. मग खालचं पाणी उपसायला लागले की वजा एक, वजा दोन. मे महिन्यापर्यंत वजा तीस-चाळीस. म्हणजे पाणी कमी होतं तसा आकडा मोठा होत जातो. छापताना आम्ही 'वजा' लिहितो. बोलताना लोक 'मायनस' म्हणतात. आणि एकदा धरण खाली गेलं की तेही म्हणत नाहीत. चहाच्या गाड्यावर कुणी विचारतं, "उजनी?" दुसरा म्हणतो, "बारा." दोघांनाही कळतं.

अण्णा चिंचोळी एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात एकतीस वर्षं वेल्डर होते. मूळचे मंगळवेढ्याकडचे. ज्वारीच्या काळ्या रानातले. "आमच्या गावात पानी बघायचं म्हनलं तर पावन्याच्या गावाला जायला लागायचं," ते सांगायचे. रिटायर झाल्यावर चार महिन्यांनी त्यांनी बंद पडलेल्या एका बोट क्लबातून फायबरचा सोळा फुटी सांगाडा आणला. त्यावर अॅल्युमिनियमच्या पत्र्याची केबिन चढवली. जुन्या जीपच्या एक्सलवर ट्रॉली बनवली. दुसऱ्या हाताचं इंजिन मागे लावलं. अंगणात सात महिने ठिणग्या उडत होत्या.

मग ते जीपला ट्रॉली जोडून मोहोळच्या रस्त्याने निघाले. पहिल्यांदा चार दिवस. नंतर चौदा. नंतर सत्तावीस.

"माणसं रिटायर झाली की देवाला जातात," वच्छलाकाकू म्हणायच्या. "हे पान्याला गेले."

"देव कुटं पळून जातोय? पानी जातंय," अण्णा म्हणायचे.

"आनि बुडला म्हंजे?"

"मग मला शोधायला तरी येशील की बोटीत."

काकू बोटीत कधी चढल्या नाहीत. अंगणात ट्रॉलीवर उभी होती तेव्हाही नाही. कडक भाकरी मात्र त्याच करून द्यायच्या. पापडासारख्या पातळ, वाळवलेल्या, महिनाभर टिकणाऱ्या. पत्र्याच्या डब्यात पन्नास भाकरी, बरणीत शेंगाची चटणी, लसूण, कांदे. बोटीवरचं स्वयंपाकघर एवढंच. एक स्टोव्ह होता, तो चहाला आणि भाताला.

गेल्या डिसेंबरात मी तीन दिवस त्यांच्याबरोबर राहिलो. मला वाटलं होतं, सहल. ती सहल नव्हती. ते घर होतं. सकाळी अंथरूण गुंडाळून नेमक्या फळीखाली जायचं. कपबशी नेमक्या खिळ्याला. आंघोळ बादलीने, मागच्या फळीवर बसून. ओला टॉवेल टपावर. दहा वाजेपर्यंत वारा नसायचा, तेवढ्यात पुढे सरकायचं. वारा सुटला की काठात आत शिरलेल्या एखाद्या खोबणीत जाऊन नांगर टाकायचा.

"माझ्या बापानं जन्मभर नांगर धरला तो चालवायला," अण्णा म्हणाले. "मी धरलाय तो थांबायला. शब्द एकच हाय, बघा एम्मे. लिवा कुटंतरी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गावकूस दाखवलं. म्हणजे दाखवण्यासारखं काही नव्हतं. नुसतं पाणी होतं. धरण झालं तेव्हा खाली गेलेल्या एका गावाची ती दगडी भिंत. वस्तीभोवती असायची, तशी. त्यांनी इंजिन बंद केलं आणि बांबू खाली सोडला. बांबूवर ऑइलपेंटने रेघा मारलेल्या होत्या. पाणी, पाणी, पाणी, आणि मग ठक्क.

"हितनं तितवर," त्यांनी हाताने ओढ्यासारखी लांब रेघ दाखवली. "ह्या टोकाला काठावर निघतंय. त्या टोकाला खोल जातंय. आमचा धक्का, जीप ठेवतो तो, पलीकडं. तीनच्या वर आकडा असला तर सरळ वरनं जायचं. तीनच्या खाली असला की वळसा."

"वळसा केवढा?"

"दीड तास. पेट्रोल निराळं."

"आणि तीनच्या खाली सरळ गेलं तर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वेल्डिंगच्या ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहतो असं म्हणालो.

"म्हनून तर तुमाला फोन करतो की रोज."

तेव्हा मला बरं वाटलं होतं. आपण टाइप करतो ते कुणाच्या तरी उपयोगाचं आहे.

फेब्रुवारीत ते पुन्हा गेले. या वेळी महिनाभरासाठी. आकडा तेव्हा अधिक बावीस होता. रोज सकाळी फोन यायचा. बावीस. एकवीस. वीस. आम्ही अधिक-वजा काही म्हणत नव्हतो. धरण वर होतं, म्हणजे अधिकच. चौदावर असताना त्यांनी सांगितलं की पुढे एका लांब खोबणीत जातोय, तिथे रेंज नाही, आठ-नऊ दिवस फोन होणार नाही. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. त्याच्या आधी येतो म्हणाले.

ते खोबणीत गेले आणि दोन दिवसांनी धरणातून पाणी सुटलं. कालव्यांना आणि नदीलाही. आकडा रोज दोन-अडीचने उतरायला लागला. सातव्या दिवशी शून्याखाली गेला. ऑफिसात कुणीतरी म्हणालं, "गेली बाई मायनसमध्ये." आणि त्या दिवसापासून आम्ही बोलताना नुसता आकडा म्हणायला लागलो. दरवर्षीसारखं.

शुक्रवारी सकाळी अकराला फोन आला. आवाज तुटत होता. मागे इंजिन चालू होतं.

"एम्मे... किती?"

मी नळावर दात घासत होतो. "पाच," म्हणालो.

"किती?"

"पाच! पाच!"

"पाच. बरोबर. मी तेवढंच धरलं हुतं. मग सरळ येतो."

फोन कटला.

काकू खाली अंगणात तांदूळ निवडत होत्या. एका डोळ्याने. "काय म्हनले?"

"सरळ येतो म्हणाले."

"सरळ?" काकू म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं सरळ कवा आलेत ते."

आम्ही दोघे हसलो.

संध्याकाळी साडेसहाला ऑफिसात मी चौकट टाइप केली. 'उजनी : वजा ५.' एवढी दोन शब्दांची ओळ. ती मी नेहमीप्रमाणे पुन्हा वाचली. माझं कामच ते. राहिलेला शब्द शोधायचा.

मी 'वजा' या शब्दाकडे बघत राहिलो. तो मी सकाळी म्हणालो नव्हतो.

त्यांनी चौदामधून नऊ दिवस वजा केले होते. रोज एक, नेहमीच्या उताराने. पाच उरले. मी म्हणालो, पाच. त्यांचं उत्तर बरोबर आलं.

मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "पान सोडू का?" मी हो म्हणालो. मग जिन्यात जाऊन पुन्हा लावला.

अण्णांनी मला एक नंबर दिलेला होता, अडीअडचणीला. धोंडीराम, धक्क्याजवळच्या वस्तीत राहणारा मासेमार. त्याने उचलला.

"सिद्धाराम अण्णा न्हाय आले अजून. जीप हितंच हाय की त्यांची," तो म्हणाला. "येतील. वारं सुटलंय, कुटंतरी थांबले असतील."

"ते गावकुसावरून येणार होते."

"आत्ता? मायनसमधी? येडं हाय का ते मानूस? त्यांनीच आमाला शिकिवलंय, वळसा मारा म्हनून."

"त्यांना वाटलं, पाणी आहे."

"कुनी सांगितलं?"

मी विचारलं, आत्ता कुणी होडी घेऊन जाऊ शकेल का.

"उजाडलं की होडी काढतो," धोंडीराम म्हणाला. "ह्या वाऱ्यात आमचीच उलटंल."

घरी गेलो तेव्हा काकूंनी दोन ताटं वाढून झाकून ठेवली होती. एक माझं. मी म्हणालो, वाऱ्यामुळे थांबले असतील. धोंडीराम तसं म्हणाला होता, म्हणून ते खोटं नव्हतं. काकू म्हणाल्या, "व्हय, थांबले असतील." त्यांनी दुसऱ्या ताटावरचं झाकण काढून पाहिलं आणि परत ठेवलं.

शनिवारी पहाटेची एसटी पकडली. मोहोळ, टेंभुर्णी. तिथून एका दूधवाल्याच्या मागे बसून धक्क्यावर. दहा वाजले होते. जीप एका चिंचेखाली उभी होती. ट्रॉली अण्णांनी निघताना जिथे पाण्याच्या कडेला लावली होती तिथेच होती. पाणी मात्र तिथे नव्हतं. ट्रॉलीपासून पाण्यापर्यंत साठ-सत्तर पावलं भेगाळलेला चिखल होता. दोन शेळ्या त्यातून चालत होत्या.

धोंडीराम सकाळीच होडी घेऊन गेला होता. मी चिखलाच्या कडेला उभा राहिलो. काकूंचा फोन आला.

"आले का?"

"नाही अजून. धोंडीराम गेलाय बघायला."

"बघायला म्हंजे? काय झालंय?"

तेव्हा मी सांगितलं. "काकू, काल अण्णांनी आकडा विचारला. मी पाच म्हणालो. वजा म्हणालो नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. काकूंनी गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"आनि त्यांनी इचारलं न्हाय? मायनस का काय?"

"नाही."

"दोघंबी शाने," काकू म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "तू तितनं हलू नगंस. कळलं का? त्यांना घिऊनच ये."

साडेअकराला धोंडीराम परत आला. होडीत एकटाच. पण तो लांबूनच हात हलवत होता, आणि तो हात वाईट बातमीचा नव्हता.

"बोट घावली! गावकुसावर चढून बसलीया. आत कुनी न्हाय. पर जित्ता हाय मानूस. चला, दावतो."

मी होडीत बसलो. तो इंजिनाच्या आवाजावरून ओरडत सांगत होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

वीस मिनिटांनी बोट दिसली. एका कुशीवर कललेली. नाक वर. खालच्या बाजूला हातभर फाटलेली. इंजिनाचा पंखा तुटला होता. आत पाणी शिरलं होतं. भाकरीचा डबा उघडून तरंगत होता आणि भाकऱ्या भिजून त्यांचा लगदा झाला होता. आपटली तेव्हा अण्णा कुठेतरी आदळले असणार. सुकाणूवर रक्त होतं. फार नाही.

"आता तिकडं बघा," धोंडीराम म्हणाला.

बोटीपासून काठापर्यंत पाण्यात काठ्या उभ्या होत्या. वेड्या बाभळीच्या. दहा-दहा पावलांवर एक. दगडांच्या फटीत ठोकून बसवलेल्या. प्रत्येकीच्या टोकाला लाल कापडाची चिंधी. ते कापड मी ओळखलं. सोलापुरी टॉवेलचं होतं, नवा काढलेला दिसत होता.

"आपटल्यावर भिंतीवरनंच चालत काठाला गेले असनार. गुडघ्याएवढंच पानी हाय वर. तितं काठ्या तोडल्या. आनि परत आले," धोंडीराम म्हणाला. "आमची पोरं काय वळसा मारत न्हाईत, मोटर लावून हितनंच जातात. त्यास्नी दिसावं, म्हनून."

"परत आले?"

"मग? काठ्या काय आपोआप आल्या?"

मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने हसलो. माणूस जिवंत होता. चालत होता. काठ्या तोडत होता. त्याने जमीन गाठली होती. त्या काठावरची वस्ती तिथून तीन किलोमीटरवर. फोन भिजला असणार. गेले असतील वस्तीवर. मी काकूंना फोन लावला. रेंज नव्हती. मी तसाच फोन कानाला धरून बसलो.

धोंडीराम मात्र हसत नव्हता. तो बोटीच्या दुसऱ्या बाजूला बघत होता, जिकडे भिंत खोल पाण्याकडे जाते. तिकडेही काठ्या होत्या. चार. चौथीच्या पुढे काही नव्हतं. पाणी सपाट होतं.

"एवढ्यावरच का सोडलं त्यांनी?" तो म्हणाला.

"दमले असतील. गेले असतील वस्तीवर."

"व्हय," तो म्हणाला. पण त्याने इंजिन बंद केलं आणि वल्हं हातात घेतलं. चौथ्या काठीपर्यंत हळू गेला. वल्हं उलटं करून खाली सोडलं. ठक्क. थोडं पुढे. ठक्क. आणखी पुढे. वल्हं पूर्ण खाली गेलं आणि त्याचा हात खांद्यापर्यंत पाण्यात गेला.

"हितनं दगड सुटलाय," तो म्हणाला. "नवा सुटलाय. मागच्या उन्हाळ्यात मी हितनं जाळं वढत चाललो हुतो."

आम्ही वस्तीवर गेलो. तिथे कुणी आलं नव्हतं. मी दोनदा विचारलं. एका बाईने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "पावनं, सकाळपास्नं हितं शेळ्याशिवाय कुनी आलं न्हाय."

अण्णा रविवारी सकाळी सापडले. वस्तीतल्या चार जणांनी जाळी लावून काढले. चौथ्या काठीपासून फार लांब नव्हते. पोलीस आले, त्यांनी विचारलं, तुम्ही कोण. मी म्हणालो, भाडेकरू. मग म्हणालो, मित्र. त्यांनी पहिलं लिहून घेतलं.

काकू रविवारी दुपारी भाच्याबरोबर आल्या. चिखलातून पाण्यापर्यंत चालत गेल्या. कुणी धरू लागलं तर हात झटकला. संध्याकाळी जाताना मला एवढंच म्हणाल्या, "ती बोट काढून आन. लोकांच्या वाटंत नको." सोमवारचं ऑपरेशन कुणाच्याही लक्षात राहिलं नाही.

पुढच्या गुरुवारी धोंडीराम आणि मी बोट काढायला गेलो. आकडा वजा सोळा होता. मी तो दोनदा, पूर्ण म्हणालो. पाणी उतरल्यामुळे गावकुसाचे वरचे दगड आता ओले, काळे असे उघडे पडले होते. बोटीपासून काठापर्यंतच्या काठ्या जशाच्या तशा उभ्या होत्या. दुसऱ्या बाजूच्या चारही.

चौथ्या काठीच्या पुढे दोन हातांचं खिंडार होतं. त्याच्या पलीकडे भिंत पुन्हा सुरू होत होती, पाण्याखाली, न दिसणारी. धोंडीरामच्या अंदाजाने अजून शंभर पावलं तरी.

बोटीच्या टपावर, शनिवारी होडीतून दिसला नव्हता असा, बाभळीच्या काठ्यांचा भारा पडला होता. आम्ही मोजल्या. नऊ होत्या. काटे साफ केलेले. खालची टोकं कोयत्याने टोकदार केलेली. सातांना चिंधी बांधून झाली होती. आठवीला अर्धी गाठ होती. नववी नुसतीच होती, आणि तिच्याजवळ टॉवेलचा उरलेला तुकडा, फाडायला एका कडेला कापलेला.